मावळांत बिऱ्हाड करावें काय?

पुण्याच्या पेठांतून हल्लीं कोणत्याहि सुशिक्षित घरीं चहास बसावें, तर अर्ध्या घटकेच्या आंत एक प्रश्न निघाल्यावांचून राहत नाहीं. जुना वाडा पाडून तेथें इमारत व्हावयाची असते. मुलगा-सून परदेशीं असतात. निवृत्तिवेतन सुरू झालेलें असतें. आणि रस्त्यावर पाऊल टाकावें तर वाहनांच्या धुरानें जीव गुदमरतो. मग यजमान सुपारी कातरतां कातरतां म्हणतात, "सरळ मावळांत जाऊन राहावें असें वाटतें. तळेगांव, वडगांव, कामशेत, फार तर लोणावळें! हवा काय, डोंगर काय, पाणी काय!" पाहुणे माना डोलावतात. गृहिणी मात्र चहाच्या आधणाकडे पाहत असते आणि कांहींच बोलत नाहीं. तिचें तें न बोलणें या सदराच्या वाचकांस परिचयाचें असेल.

आमच्या घरींहि हा प्रश्न दोन वर्षें ठाण मांडून बसला होता. आमचा सदाशिव पेठेंतील वाडा पाडण्याचें ठरलें, तेव्हां नव्या इमारतींतील जागा घ्यावी, कीं आपल्या हिश्श्याचे पैसे घेऊन मावळांत घर करावें, असा पेंच पडला. मी मावळाच्या पक्षाचा, पत्नी पुण्याच्या, आणि ब्याऐंशी वर्षांची आई, "न्याल तेथें माझा देव्हारा तेवढा न्या म्हणजे झालें," या पक्षाची. हा प्रश्न वादानें सुटण्यासारखा नव्हता. अखेर कांहीं विकण्यापूर्वीं एक वर्ष भाड्यानें राहून पाहावें असें ठरलें, आणि गेल्या सालच्या ज्येष्ठांत आम्हीं वडगांवास स्टेशनापासून जवळच एक लहानसें घर घेतलें. तें वर्ष पुरें होऊन आतां दोन महिने झाले. त्याचा जमाखर्च आज वाचकांपुढें मांडतों; कारण असा हिशेब न मांडतांच घर विकून बसलेलीं पुष्कळ कुटुंबें मीं या वर्षांत पाहिलीं.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, मावळ हें एकच ठिकाण नव्हे. पुण्याहून लोणावळें लोहमार्गानें सुमारें ६४ किलोमीटर. पुण्यास वर्षाकाठीं ७००-८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाटाच्या अगदीं काठावर बसलेल्या लोणावळ्यास ४००० मिलिमीटरांहूनहि अधिक. म्हणजे गाडी जसजशी पश्चिमेस सरकते, तसतसा पाऊस वाढत वाढत पांचपटींवर जातो. तळेगांवीं छत्रीनें भागतें. कामशेताच्या पुढें छत्री आणि घोंगडी दोन्ही लागतात. आणि लोणावळ्यास आषाढांत छत्रीचा उपयोग चालतांना हातांत कांहीं तरी असावें इतकाच! तेव्हां "मावळांत राहावें काय?" हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या स्टेशनावर राहावें, हा खरा प्रश्न.

हें स्थलांतर नवेंहि नव्हे. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी १८५८ मध्यें आली आणि बोरघाटांतील मार्ग १८६३ मध्यें खुला झाला. तेव्हांपासून मुंबई-पुण्याकडील मंडळी हवापालटासाठीं या डोंगरांत येत आहेत. परंतु या भूमीवर ज्यांचें नांव राहिलें, ते हवा खाण्यासाठीं आलेले नव्हते. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचें समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणासाठीं तळेगांवीं नांदलें आणि १९१० मध्यें सरकारी रोषास बळी पडलें. अंताजी दामोदर काळे यांनीं लोकांकडून पैसा पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडाचा कांचेचा कारखाना १९०८ मध्यें तळेगांवींच निघाला. स्वामी कुवलयानंदांनीं योगविद्येस शास्त्राच्या कसोटीवर लावण्यासाठीं १९२४ मध्यें लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. गो. नी. दांडेकर तळेगांवीं राहिले, ते लेखणी आणि गडांच्या वाटा यांच्यासाठीं. हीं सर्व माणसें येथें कांहीं करावयास आलीं होतीं. हा भेद मला प्रथम केवळ इतिहासांतील मौजेचा वाटला. तो आपल्याहि संसारास लागू आहे हें पुढें कळलें.

आतां जमेची बाजू. ती खोटी नाहीं, हें आधींच कबूल करतों. पहांटे उठून दार उघडावें, तर समोर धुक्यांतून डोंगराची कड उमटत असते. विसापूर आणि लोहगड हे तर येथील शेजारीच. आईस पुण्यास रात्रीं औषध घेतल्यावांचून झोंप येत नसे. येथें तिसऱ्या आठवड्यापासून ती औषधावांचून झोंपूं लागली. आमचा रोजचा तीन किलोमीटरांचा फेरा भातखाचरांच्या बांधांवरून होतो. ज्या इंद्रायणी तांदुळाची पुण्यास एवढी वाखाणणी होते, तो वडगांवच्याच कृषिसंशोधन केंद्रांत तयार होऊन १९८७ मध्यें शेतकऱ्यांच्या हातीं आला. आंबेमोहोर आणि आय. आर. ८ यांच्या संकरांतून निघालेली ती जात. तो तांदूळ ज्याच्या खाचरांत पिकला, त्याच्याच दारांत जाऊन विकत घेण्यांत कांहीं निराळेंच समाधान आहे. घरभाडें पुण्याच्या निम्म्याहून कमी. आणि सर्वांत मोठी जमा म्हणजे लोकल गाडी. पुणें-लोणावळें लोकल १९७८ च्या मार्चांत सुरू झाली. सुमारें तासाभरांत ती शिवाजीनगरास नेऊन सोडते, तेंहि अगदीं थोड्या पैशांत. ही गाडी नसती, तर आमच्यासारख्यांनीं मावळाचें नांवहि काढण्यांत अर्थ नव्हता.

परंतु या जमेंतहि एक वजाबाकी आहे. लोकलच्या फेऱ्या मोजक्या. दुपारच्या वेळीं तर फारच विरळ. सकाळची गाडी चुकली, म्हणजे पुण्यांतील कामाचा दिवसच चुकला असें समजावें. शिवाय बाहेरगांवच्या जलद गाड्यांस वाट देण्यासाठीं ती वाटेंत केव्हां थांबेल याचा नेम नाहीं. निवृत्त मनुष्यास हें सोसतें. रोज दहाच्या ठोक्यास कचेरींत हजर होणाऱ्या तरुणानें या गाडीवर संसार बांधण्यापूर्वीं तीन महिने तिनें जाऊन येऊन पाहावें.

खर्चाचें पहिलें कलम पाऊस. श्रावणांतील एका रविवारीं येऊन, भजीं खाऊन आणि धबधबे पाहून जाणाऱ्यास मावळाचा पाऊस ठाऊक होत नाहीं. तो ठाऊक होतो तो आषाढाच्या अठराव्या दिवशीं, जेव्हां दोरीवरचे कपडे चौथ्या दिवशींहि ओलेच असतात, पापड मऊ पडतात, काडेपेटीची काडी पेटत नाहीं आणि कपाटांतील पुस्तकांच्या पाठीवर हिरवट बुरशी धरते. माझ्या वडिलांच्या संग्रहांतील ज्ञानकोशाचे खंड मीं पुण्यास चाळीस वर्षें जपले. येथें एकाच पावसाळ्यांत त्यांतील दोन खंडांचीं पानें एकमेकांस चिकटलीं. वीज दिवसांतून कितीदां जाईल तें सांगतां येत नाहीं. हें वडगांवचें, लोणावळ्याचें याच्या दुप्पट समजावें. आणि डोंगराच्या पायथ्याशीं घर घेणाऱ्यानें एवढें विसरूं नये कीं, १९८९ च्या जुलैंत भाजें गांवावर दरड कोसळून माणसें गाडलीं गेलीं होतीं. खिडकींतून सुंदर दिसणारा कडा घराच्या किती जवळ आहे, हें विकणाऱ्याच्या चित्रांवरून समजत नाहीं.

दुसरें कलम पाहुण्यांच्या झुंडी. शनिवार-रविवारीं मुंबई आणि पुणें या दोन्ही बाजूंनीं जी वाहनांची रांग लागते, तींत लोणावळ्याच्या रहिवाशास भाजीस जाणेंहि कठीण होतें. गर्दीबरोबर अविचारहि येतो. ता. ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. ता. १५ जून २०२५ रोजीं तळेगांवाजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या भारानें कोसळला आणि चौघांचे प्राण गेले. त्या दिवसापासून पाऊस लागला कीं शेजारच्या आजी नातवंडांस बजावतात, "नदीकडं फिरकायचं न्हाई."

तिसरें कलम मीं वहींत लिहिलेलें नव्हतें. तें एका रात्रीनें लिहिलें. श्रावणांत एकदां दीडच्या सुमारास आईस दम लागला. बाहेर मुसळधार, वीज गेलेली, आणि मोबाइलची रेंज नाहीं. आमच्याजवळ मोटार नाहीं. स्टेशन जवळ आहे याचा मला कोण अभिमान, पण रात्रीं दीड वाजतां स्टेशनाचा काय उपयोग? पत्नीनें कंदील घेतला आणि चिखल तुडवीत शेजारच्या दारावर थाप मारली. शेजारी शेतकरी; पहांटे गांवोगांवचें दूध गोळा करून तो आपल्या छोट्या टेंपोंतून पोंचवितो. त्यानें एक शब्दहि विचारला नाहीं. "काकू, घाबरूं नका, आजीला मी उचलतो," एवढेंच म्हणाला. दुधाच्या किटल्या खालीं उतरवून, मागें घोंगडी पसरून त्यानें आम्हांस तळेगांवच्या रुग्णालयांत पोंचविलें. प्राणवायु वेळेवर मिळाला आणि चौथ्या दिवशीं आई घरीं परत आली. पैसे देऊं केले, तर तो रागावला.

या रात्रीचा हिशेब कोणत्या बाजूस मांडावा? पुण्यास आमच्या घरापासून रुग्णालय दहा मिनिटांवर होतें; येथें तें अंतर आणि तो पाऊस आईच्या जिवावर बेतला असता. हा खर्च. परंतु पुण्यांतील त्या वाड्यांत अलीकडे आमच्या शेजारीं कोण राहतें हेंहि मला धड ठाऊक नव्हतें. रात्रीं दीड वाजतां मीं कोणाचें दार ठोठावलें असतें? ही जमा. पुढें शरदांत मीं मुद्दाम दिवसा घड्याळ लावून पाहिलें. वडगांवाहून तळेगांवचें रुग्णालय पावसांतहि अर्ध्या तासाच्या आंत गांठतां येतें. पवनेच्या पाण्यामागें किंवा नाणें मावळाच्या आंतल्या गांवांत तें तसें नाहीं. ज्यांच्या घरीं म्हातारें माणूस आहे, त्यांनीं हवेचा विचार नंतर आणि या अर्ध्या तासाचा आधीं करावा.

आतां चौथें कलम. आणि माझ्या मतें सर्व प्रश्नाची गुरुकिल्ली हीच. आश्विनांत एके दिवशीं मी पुण्याहून व्याख्यान ऐकून, ग्रंथालयांतून पुस्तकें बदलून रात्रींच्या गाडीनें परतलों आणि जेवतांना मावळच्या शांततेची तारीफ करूं लागलों. पत्नीनें वाढतां वाढतां विचारलें, "अहो, तुमची सकाळ येथें फार छान जाते. माझी दुपार कोठें जाते, हें कधीं पाहिलें आहे का?"

मीं खरोखरच पाहिलें नव्हतें. पुण्यास ती शाळेंत गणित शिकवून निवृत्त झाली. तिची बहीण दोन गल्ल्या पलीकडे. गुरुवारीं भजनी मंडळ. महिन्यांतून एखादें नाटक. भाजीच्या पिशवीबरोबर चार ओळखीच्या बायका भेटावयाच्या. येथें आल्यावर तें सर्व एका दिवसांत तुटलें. आठवड्यांतून दोनदां पुण्यास जाणारा मी. आईपाशीं घरांत राहणारी ती. ज्या एकांतास मी शांतता म्हणत होतों, तो तिच्या वांट्यास कोंडवाडा म्हणून आला होता. माझ्या वहींत जमेस पडलेलें बरेंचसें तिच्या वहींत खर्चीं पडलें होतें, आणि तिची वही मीं मागितलीच नव्हती. यजमान सुपारी कातरीत मावळाची स्तुति करीत असतां गृहिणी गप्प कां असते, याचें उत्तर मला त्या रात्रीं मिळालें.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. मंगळवार आणि शुक्रवार मी घरीं आईपाशीं थांबूं लागलों. स्वयंपाक माझा, आणि सकाळची गाडी तिची. पहिल्या मंगळवारची माझी आमटी आईनें निमूटपणें गिळली, हें येथें कृतज्ञतेनें नमूद करतों. दुसरी गोष्ट आपोआप झाली. त्या दूधवाल्या शेजाऱ्याची नववींतली मुलगी बीजगणित घेऊन आमच्या पडवींत आली. आठवड्यानें ती दोन मैत्रिणी घेऊन आली. माघापर्यंत अकरा मुली झाल्या. आतां दुपारीं चार वाजतां आमची पडवी गजबजलेली असते. आणि पत्नीच्या आवाजांत मला शाळेंतला तो जुना खणखणीतपणा पुनः ऐकूं येतो. विजापूरकरांपासून दांडेकरांपर्यंतच्या मंडळींचा जो भेद मीं वर सांगितला, त्याचा अर्थ मला तेव्हां कळला. हवा कोणासहि फार दिवस पुरत नाहीं. ज्याला येथें कांहीं काम आहे, त्यालाच हें गांव राहावयास मिळतें. इतरांस तें केवळ पाहावयास मिळतें.

एक शेवटचें कलम आपण मध्यमवर्गीय बहुधा लिहीतच नाहीं. ज्यानें आईस रुग्णालयांत पोंचविलें, त्याच्या चुलत भावानें आपलें रस्त्यालगतचें शेत विकलें. तेथें आतां कोणा मुंबईकराचा बंगला आहे आणि तोच भाऊ त्या बंगल्याच्या फाटकावर पहारेकरी आहे. हें या तालुक्यांत नवें नाहीं. टाटांच्या जलविद्युत्-योजनेचें काम लोणावळ्यास १९११ मध्यें सुरू झालें आणि १९१५ पासून येथील तलावांच्या पाण्यावर खोपोलीस तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. शेजारच्या मुळशी पेट्यांत तशाच धरणाविरुद्ध १९२१ मध्यें सेनापति बापटांनीं सत्याग्रह उभारला. अलीकडे, पवनेचें पाणी बंद नळांतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ता. ९ ऑगस्ट २०११ रोजीं शेतकरी बऊर गांवाजवळ द्रुतगतिमार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारांत तिघांचा बळी गेला. पाणी, वीज, रस्ता आणि आतां घरांसाठीं जमीन: शहरानें जें जें मागितलें, तें मावळानें दिलें आहे. येथें राहावयास येणाऱ्यानें हें मनांत ठेवून यावें. त्यामुळें राहूं नये असें मी म्हणत नाहीं. परंतु आपण येथें यजमान नसून मागाहून आलेले शेजारी आहों, ही जाणीव असली म्हणजे बोलण्या-चालण्यांत फरक पडतो.

जमीन घेण्याच्या मोहांत पडणाऱ्यांस दोन शब्द. महाराष्ट्रांत शेतजमीन विकत घेणारा सामान्यतः स्वतः शेतकरी असावा लागतो, ही गोष्ट दलाल शेवटीं सांगतो. सातबारा उतारा आणि फेरफार स्वतः वाचावे. उताऱ्यावर ज्या ज्या बहिणी-भावांचीं नांवें असतील, त्या सर्वांच्या सह्या आहेत कीं नाहींत तें पाहावें. बिनशेतीचा परवाना, सरकारी मोजणीचा नकाशा आणि कागदावर नोंदलेली वाट यांवांचून विसार देऊं नये. आणि पाण्याविषयीं चौकशी चैत्र-वैशाखांत करावी. कारण ज्या गांवावर चार महिने आभाळ फाटतें, त्याच गांवांत उन्हाळ्यांत टँकर येतांना मीं पाहिला आहे.

मग अखेर निर्णय काय? विचारणाऱ्या स्नेह्यांस मी चार अटी सांगतों. कांहींहि विकण्यापूर्वीं एक संपूर्ण पावसाळा भाड्यानें राहावें. घर स्टेशनापासून पायीं पंधरा मिनिटांत आणि रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आंत असावें. घरांतील जें माणूस दिवसभर घरींच राहणार, त्याचें मत शेवटचें समजावें. आणि तेथें आपण काय करणार, हें निघण्यापूर्वीं ठरवावें. या चार अटी पुऱ्या होत असतील, तर मावळासारखें ठिकाण नाहीं. होत नसतील, तर वर्षांतून दोनदां येऊन डोंगर पाहून जावें. दुरून ते साजरे दिसतात, हें आपल्या पूर्वजांनीं उगीच म्हटलें नाहीं.

आमचा निर्णय तिसऱ्या अटीप्रमाणें पत्नीवर सोंपविला. तिनें दोन दिवस विचार केला आणि सांगितलें कीं, पुण्याच्या नव्या इमारतींतील लहान जागा घ्यावी, ती तयार झाली म्हणजे भाड्यानें द्यावी, आणि त्या भाड्यांत वडगांवास राहावें. परतीची वाट मोडूं नये. आईची प्रकृति पुढें काय म्हणेल तें कोणास सांगतां येणार? मीं विचारलें, "म्हणजे तूं मावळच्या पक्षास आलीस तर!"

"पक्षाचें मला कांहीं ठाऊक नाहीं," ती म्हणाली. "मुलींची परीक्षा मार्चांत आहे. तोंवर मला पुण्यास बोलावूं नका."